किल्ली होईपर्यंत

१

सकाळी साडेनऊला शटर वर केलं की आमच्या दुकानात पहिला आवाज किल्ल्यांचा होतो. मागच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत खिळे आहेत आणि प्रत्येक खिळ्यावर कोऱ्या किल्ल्यांचा झुबका. शटरच्या हादऱ्याने त्या सगळ्या एकदम किणकिणतात, मग हळूहळू गप्प होतात. त्या गप्प झाल्या की मामा म्हणायचे, "झाली हजेरी. बस आता."

दुकान म्हणजे एकच खोली. मी दोन्ही हात पसरले तर एक भिंत लागते आणि दुसरी जेमतेम राहते. पुढे काउंटर. काउंटरच्या आतल्या कडेला किल्ली घट्ट धरणारा लोखंडी व्हाइस बसवलेला आहे, त्याच्यासमोर माझं स्टूल, तोंड रस्त्याकडे. माझ्या पाठीशी मामांचं स्टूल, आणि त्यांच्या पाठीशी ती किल्ल्यांची भिंत. भिंतीपलीकडे मागची गल्ली आहे. पाण्याचे पाइप आणि एक फुटकी कुंडी. हे मी आधीच सांगून ठेवतो.

गिऱ्हाईक फुटपाथवर उभं राहतं. त्याला बसायला जागा नाही.

वडील गेले तेव्हा मी नववीत होतो. शाळा सुटली आणि मामांनी माझ्या हातात कानस दिली. मामांनी लग्न केलं नव्हतं, ते आमच्याकडेच, म्हणजे आई आणि माझ्यासोबत राहायचे. "बोलायचं काम माझं, घासायचं तुझं," असं ठरलं. मला ते सोयीचं होतं. अनोळखी माणूस समोर आला की माझा घसा बंद होतो. किल्ली घासताना मी मान वर करत नाही. मामा मला मौनीबाबा म्हणायचे.

किल्ली झाली की मी मागे न बघता ती खांद्यावरून मागे धरायचो. मामा ती घ्यायचे, जुन्या किल्लीला जोडून उजेडात बघायचे, एखाद्या दातावर कानशीचे दोन हात मारायचे आणि माझ्या तळहातावर परत ठेवायचे. मग गिऱ्हाइकाला म्हणायचे, "लावून बघा, मग घरी जा."

त्यांचे दोन नियम होते. कुलूप किंवा जुनी किल्ली समोर असल्याशिवाय किल्ली करायची नाही. आणि अर्धी घासलेली किल्ली व्हाइसमध्ये ठेवून शटर ओढायचं नाही.

२

त्या वर्षी गिऱ्हाईक आटलं. नव्या बाजारात काचेचं एक दुकान निघालं होतं, तिथे किल्ली, कुलूप, बुटाचे तळवे, सगळं एका छताखाली. मामा रिकाम्या हातांनी बसायला लागले. एक जुनं कुलूप घ्यायचे, उघडायचे, आतले लिव्हर पुसायचे, परत जोडायचे. दुसऱ्या दिवशी तेच कुलूप. हाताला काम नसलं की मामा एकदम म्हातारे दिसायचे. दुपारी त्यांची मान खाली जायची आणि मला भीती वाटायची की ती वर येणार नाही. घरी आई विचारायची, "दादा जेवला का रे दुपारी?" मी हो म्हणायचो. ते जेवलेले नसायचे.

दुकानांच्या पाट्या करणारा एक जण आमच्याकडे कुलपं घ्यायला यायचा. आम्ही त्याला बोर्डवाला म्हणायचो. एक दिवस तो मला म्हणाला, "फोन काढ. 'जवळचा किल्लीवाला' असं शोध."

मी शोधलं. काचेचं दुकान पहिलं आलं. मग आणखी नऊ जण. आम्ही ज्या दुकानात बसलो होतो ते अकरावं होतं.

"काका, तुम्ही आहात, पण दिसत नाही," बोर्डवाला मामांना म्हणाला.

"मी तर बसलोय इथे. अजून किती दिसू?"

"नकाशावर दिसत नाही. तुमचे रिव्ह्यू किती? तीन. त्यातला एक चुकून दुसऱ्याच्या दुकानाचा, तोही एक स्टार."

"मग मी काय नकाशाच्या घरी जाऊन हजेरी लावू?"

बोर्डवाला हसला आणि मला समजावून सांगू लागला. किती रिव्ह्यू आहेत ते बघतात. किती ताजे आहेत ते बघतात. लोक त्यात कुठले शब्द वापरतात ते बघतात, आणि मालक उत्तर देतो का, तेही. "नकाशाला डोळे नसतात," तो म्हणाला. "लोक जे सांगतात तेच त्याला दिसतं. गिऱ्हाइकाला सांगायचं, दोन ओळी लिहा. आणि नुसतं 'छान' नको. काहीतरी बारीक असावं, मग ते खरं वाटतं."

"हा सांगणार?" मामांनी माझ्याकडे अंगठा केला. "हा स्वतःच्या आईकडे मीठ मागत नाही."

३

मी आठ दिवस प्रयत्न केला. किल्ली देताना तोंड उघडायचो आणि "बरं" म्हणायचो. नवव्या दिवशी दुपारी मामांची मान खाली गेलेली असताना मी फोनवर एक खातं उघडलं. नाव ठेवलं 'एक आजी'.

आजी का, तेही सांगतो. मागच्या उन्हाळ्यात एक आजी फुटपाथवर बराच वेळ उभ्या होत्या. मामा त्या दिवशी बाहेर गेले होते आणि कुलूप अवघड होतं. त्यांना ऊन लागत होतं, मला दिसत होतं. 'आत या, या स्टुलावर बसा,' एवढंच म्हणायचं होतं. मला ते जमलं नाही. किल्ली घेऊन त्या गेल्या, पण भिंतींना हात लावत लावत गेल्या.

मी लिहिलं:

'उन्हातून आले होते. दुकानातल्या मुलाने आतल्या खोलीत बसायला सांगितलं, पाणी दिलं. खोली गार आहे. बाकावर बसून शिलाई मशीनचा आवाज ऐकत राहिले. किल्ली होईपर्यंत बसा म्हणाले. फार बरं वाटलं.'

शिलाई मशीन खरं होतं. डाव्या हाताला शिवणवाल्या मावशींचं दुकान आहे. बाकी काही खरं नव्हतं.

मग दुकानाच्या खात्यावरून उत्तरही लिहिलं, कारण बोर्डवाल्याने सांगितलं होतं. 'धन्यवाद आजी. आतली खोली तुमचीच समजा. केव्हाही या, कितीही वेळ बसा.'

जे तोंडाने बोलता आलं नव्हतं ते लिहून मला खरोखर बरं वाटलं. तेवढ्यात मागे किल्ल्या किणकिणल्या. मोठा ट्रक गेला असेल, असं मनात म्हटलं.

४

तीन दिवसांनी एक कुरिअरवाला आला. हेल्मेट न काढता काउंटरला टेकून उभा राहिला, घराची एक किल्ली करून घेतली आणि गेला. संध्याकाळी त्याचा रिव्ह्यू आला. 'काम पटकन. आतल्या खोलीत बसायची सोय आहे, छान गार.'

मी ते दोनदा वाचलं. मग मला हसू आलं. त्याने आजींचं वाचून तसंच लिहिलं असणार. लोकांना काय लिहावं सुचत नाही. शाळेत निबंधाच्या वेळी मीसुद्धा पुढच्या बाकावरचं बघून लिहायचो, आणि त्याच्या सहलीत जे झाड होतं तेच माझ्याही सहलीत यायचं.

मी उत्तर लिहिलं, 'धन्यवाद. पुन्हा या.'

पुढच्या आठवड्यात दोन रिव्ह्यू आले. त्याच्या पुढच्या आठवड्यात पाच. आम्ही अकराव्यावरून सातव्यावर आलो, मग चौथ्यावर. फुटपाथवर पुन्हा माणसं उभी राहू लागली. मामा ताठ बसले. गुणगुणायला लागले, गिऱ्हाइकांच्या फिरक्या घेऊ लागले. डबा रिकामा घरी जाऊ लागला. आई एकदा म्हणाली, "काय जादू केलीस रे?" मी मान खाली घातली.

५

नकाशावर आमच्या नावाखाली एक ओळ यायला लागली. 'लोक याबद्दल बोलतात.' त्याखाली तीन शब्द होते. किल्ली. पटकन. आतली खोली. किल्लीबद्दल नऊ जण बोलले होते. आतल्या खोलीबद्दल चौदा.

आणि आता ते माझं बघून लिहीत नव्हते. एकाने लिहिलं होतं, 'आत जाताना एक पायरी उतरावी लागते, वयस्करांनी जपून.' एकीने लिहिलं होतं, 'उंचावर छोटी खिडकी आहे, तिची काच हिरवट आहे, उजेड डोळ्यांना लागत नाही.' पायरी मी लिहिली नव्हती, आणि खिडकी तर मनातही आली नव्हती. वेगवेगळी माणसं, वेगवेगळे दिवस, आणि पायरी सगळ्यांची एकच.

मी मान खाली घालून काम करतो. माझ्या पाठीमागे कोण कुठे जातं हे मला दिसत नाही, हे खरं. पण आत यायचं तर काउंटरची फळी उचलावी लागते, आणि ती माझ्या गुडघ्याला लागून आहे.

एक शिक्षिका आल्या. कपाटाचं कुलूप घेऊन. माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाल्या, "आज आत गर्दी नाही ना?"

"आत?" मामा म्हणाले. "बाई, आत भिंत आहे. गर्दी आहे ती किल्ल्यांची."

त्या हसल्या. चांगला विनोद ऐकल्यावर हसतात तशा. मी मान खाली घातली आणि कुलूप उघडलं. घासताना मागे किल्ल्या किणकिणल्या. शटरच्या हादऱ्याने होतात तशा एकदम नाही. आधी डावीकडच्या, मग मधल्या, मग उजवीकडच्या, आणि शांत. थोड्या वेळाने तेच उलट. उजवीकडून डावीकडे.

मी वर पाहिलं. शिक्षिका काउंटरसमोरच उभ्या होत्या. चेहरा ताजातवाना दिसत होता.

त्यांचा रिव्ह्यू दुसऱ्या दिवशी आला. 'आत एक आजी असतात. सरकून जागा देतात. खूप वेळ बसलेल्या वाटल्या. विचारलं तर म्हणाल्या, किल्ली अजून व्हायची आहे.'

६

दुपारी जेवणाच्या वेळी मी मागच्या गल्लीत गेलो. पाइप होते. फुटकी कुंडी होती. मी मोजपट्टी घेऊन गेलो होतो. दुकान आतून मोजलं होतं, आता बाहेरून मोजलं. फरक आला तो भिंतीच्या जाडीएवढाच.

मी भिंतीला कान लावला. आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. सावकाश, जुन्या पायमशीनचा. हे काही विशेष नाही, मावशींचं मशीन दिवसभर चालू असतं. मी स्वतःला तसं सांगितलं आणि पुढच्या बाजूला आलो.

मावशी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर पाय पसरून बसल्या होत्या.

"काय रे, आज मागून कुठून? चोरीबिरी करायला शिकलास की काय?"

"नाही मावशी."

"मग बस इथे माझ्यासारखा माशा मारत. मशीनचा पट्टा तुटलाय कालपासून. दुरुस्तीवाला येतो म्हणतो आणि येत नाही."

मी म्हटलं, "बरं."

त्याच संध्याकाळी कोणीतरी नकाशावर आमच्या दुकानाचा फोटो टाकला होता. नाव नव्हतं. फोटोत रस्ता दिसत होता, फुटपाथवर उभं असलेलं एक गिऱ्हाईक, त्याच्या अलीकडे व्हाइसवर वाकलेली माझी पाठ, आणि सगळ्यात जवळ मामांचं टक्कल. कडेने काही किल्ल्या लोंबत होत्या. त्यांची पाठमोरी बाजू दिसत होती, जी नेहमी भिंतीला टेकलेली असते.

फोटो जरा खालून काढलेला होता. काढणारा एखादी पायरी खाली असावा, तसा.

७

मग मी मामांना सांगितलं. सगळं, पहिल्या खोट्या रिव्ह्यूपासून. एवढं सलग मी आयुष्यात बोललो नव्हतो. मामांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. फोन हातात घेऊन, डोळ्यांपासून लांब धरून आजींचा रिव्ह्यू वाचला. मला वाटलं, खोटं बोलल्याबद्दल रागावतील.

"किल्ली दिलीस का तिला?" त्यांनी विचारलं.

"कुणाला?"

"या बाईला. 'किल्ली होईपर्यंत बसा म्हणाले' एवढंच लिहिलंयस. पुढे? झाली का किल्ली?"

"मामा, त्या नाहीतच. मी मनाने लिहिलंय."

"ते कळलं मला. मी विचारतोय, झाली का?"

"नाही."

"अर्धी किल्ली ठेवून शटर ओढलंस." ते थट्टा करत होते की नाही मला कळलं नाही. त्यांचे डोळे फोनवरच होते. "किती दिवस झाले? दोन महिने? दोन महिने बसवून ठेवलंस म्हातारीला. पुरं कर ते."

मी त्यांच्यासमोर तो रिव्ह्यू उघडला आणि शेवटी दोन वाक्यं जोडली. 'किल्ली झाली. लावून बघितली आणि घरी गेले.'

'जतन करा' दाबलं. मागे किल्ल्या हलल्या, उजवीकडून डावीकडे, अगदी सावकाश. एखादं म्हातारं माणूस दार ओढून घेताना लावतं तेवढा वेळ लागला. मामांनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं. मी नाही पाहिलं.

"मला सांग," मामा म्हणाले, "गार आहे म्हणतात ना रे आत?"

दुसऱ्या दिवशीचा रिव्ह्यू होता, 'आज आजी नव्हत्या. बाकावर जागा होती.'

८

त्यानंतर आम्ही पहिले आलो. 'जवळचा किल्लीवाला' शोधलं की सगळ्यात वर आम्ही, काचेचं दुकान आमच्या खाली. बोर्डवाल्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मामांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "आता दिसलो का तुझ्या नकाशाला?"

काम इतकं वाढलं की मामांना उसंत मिळेना. त्यांना काम हवं होतं, पण वय झालं होतं. दुपारी घाम पुसत म्हणायचे, "कुठेतरी टेकलं पाहिजे रे पाच मिनिटं." दुकानात पाठ टेकायला जागा नव्हती. मी म्हणायचो, "घरी जा." ते म्हणायचे, "आणि गिऱ्हाइकांशी बोलणार कोण? तू?"

तो मंगळवार होता, दुपारचे तीन. समोर एक बाई होती, कडेवर मूल. मी तिच्या फाटकाची किल्ली घासत होतो. मागून मामा म्हणाले, "जरा टेकतो."

मी "हं" म्हटलं. मान वर केली नाही.

किल्ल्या डावीकडून उजवीकडे हलल्या. समोरच्या बाईने माझ्या खांद्यावरून पाहून मान डोलावली. कोणी 'येतो हं' म्हटल्यावर आपण डोलावतो तशी. तिच्या कडेवरच्या मुलाने हात हलवला.

मी किल्ली पूर्ण केली. कीस फुंकला. किल्ली खांद्यावरून मागे धरली.

कोणी घेतली नाही.

हात अवघडेपर्यंत मी तसाच बसून राहिलो. मग वळलो. स्टूल रिकामं होतं. चष्मा त्यांच्या हत्यारांच्या पेटीवर घडी करून ठेवलेला होता. चपला भिंतीशी होत्या, जोडीने, टाचा माझ्याकडे आणि बोटांची बाजू भिंतीला टेकलेली.

काउंटरची फळी खाली होती. ती माझ्या गुडघ्याला लागून आहे, हे मी सांगितलंच आहे.

९

आम्ही सगळीकडे शोधलं. आईने नातेवाइकांना फोन केले. पोलीस आले, त्यांनी भिंत वाजवून पाहिली, कारण मी त्यांना ती वाजवायला सांगितली. भरीव आवाज आला. एक जण मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारू लागला की घरात काही वाद होता का. शिवणवाल्या मावशी आईजवळ बसून राहिल्या. "येतील गं. वैतागला असेल माणूस, गेला असेल कुठेतरी गार हवेत," त्या म्हणाल्या.

आठवड्याने मी दुकान उघडलं. घरी आई माझ्याकडे बघायची ते मला सहन होत नव्हतं. बोर्डवाला आला आणि म्हणाला, "तुला जमणार नसेल तर नकाशावरून काढून टाकू. 'कायमचं बंद' असं एक बटण असतं. लोक उगाच येणार नाहीत."

त्याने माझ्या फोनवर ते बटण उघडून दाखवलं. मी अंगठा वर नेला. त्याच वेळी फोन थरथरला. नवा रिव्ह्यू होता, सकाळी येऊन गेलेल्या एका माळ्याचा.

'दुकानातला मुलगा बोलत नाही पण हात चांगला आहे. आत मामा असतात. सरकून जागा दिली.'

मी बटण न दाबता ते पान बंद केलं. बोर्डवाल्याला म्हटलं, "राहू दे. उघडंच राहू दे."

त्या दुपारी मी 'एक आजी' खात्यावरून लिहिलं, 'मामा बाहेर आले. घरी जेवायला गेले.' पाच मिनिटांनी नकाशावाल्यांचं उत्तर आलं की हा रिव्ह्यू नियमांत बसत नाही. खरं गिऱ्हाईक वाटत नाही. खातं बंद झालं आणि आजींचा जुना रिव्ह्यूही गेला. खोटं लिहायची सोय संपली. आता लोकांनी लिहिलेलं तेवढंच उरलं.

लोक लिहीत होते. मी दिवसभर काम करायचो आणि संध्याकाळी आईला वाचून दाखवायचो. आई सुरुवातीला रडली. मग तीच विचारायला लागली, "आज काय लिहिलंय?" 'मामांनी पाणी हवं का विचारलं.' 'मामा गुणगुणत होते.' एकाने लिहिलं, 'मामा कानस घेऊन एक किल्ली घासत बसलेले असतात. कुठल्या कुलपाची, विचारलं तर हसले.'

ते मी पुन्हा वाचलं. कुलूप किंवा जुनी किल्ली समोर असल्याशिवाय मामा किल्ली करत नाहीत, आणि जुनी किल्ली असती तर ते केव्हाच बाहेर आले असते. म्हणजे तिथे कुलूप आहे. दार आतून त्यांना दिसतंय, आणि ते बंद आहे.

१०

मग परीक्षांचे दिवस आले, सुट्ट्या लागल्या, माणसं बाहेरगावी गेली. दोन आठवड्यांत एकच रिव्ह्यू आला. आम्ही दुसऱ्यावर घसरलो, मग पाचव्यावर. त्यानंतर जो आला तो असा होता: 'आत जरा अंधार वाटला. कोणीतरी बसलं होतं, चेहरा नीट दिसला नाही. कानशीचा आवाज येत होता.'

मी आईला तो वाचून दाखवला नाही. म्हटलं, आज काही आलं नाही.

बोर्डवाल्याचं बोलणं मला आठवत होतं. किती आहेत ते बघतात, किती ताजे आहेत ते बघतात. लोक सांगतात तेच दिसतं.

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक एक परिचारिका होती. कामाला जायच्या घाईत, लॉकरची किल्ली हातात. मी किल्ली घेतली, व्हाइसमध्ये कोरी बसवली आणि घासायला लागलो. मी तिला काय म्हणायचं ते मनात शंभरदा म्हटलं. किल्ली झाली. कीस फुंकला. आणि सवयीने, काही विचार न करता, मी ती जुन्या किल्लीसकट खांद्यावरून मागे धरली.

दोन्ही किल्ल्या घेतल्या गेल्या.

मी हललो नाही. समोर रस्ता होता, त्यावरून एक सायकल गेली. परिचारिका माझ्या मागे बघत होती, वाट बघणारं माणूस बघतं तशी, सहज. मागे कानशीचे दोन हात वाजले. मग माझ्या तळहातावर किल्ल्या परत आल्या. त्या गार होत्या. त्यांच्याबरोबर काही बोटंही क्षणभर टेकली, आणि तीही गार होती.

मी हात पुढे आणला. नव्या किल्लीचा तिसरा दात मी ठेवला होता त्यापेक्षा किंचित खाली होता. आता जुन्या किल्लीशी बरोबर जुळत होता. मी तो चुकवला होता, हे मला तेव्हा कळलं.

वळून पाहावं असं फार वाटलं. पण वळून पाहिलं की भिंत दिसते, हे मला माहीत होतं. मी परिचारिकेकडे पाहिलं. सरळ चेहऱ्याकडे.

"ताई," मी म्हटलं. आवाज घोगरा निघाला. मी परत म्हटलं, "ताई, लावून बघा, मग घरी जा. आणि एक विनंती होती. आमच्याबद्दल दोन ओळी लिहाल?"

"लिहीन की," ती म्हणाली. "काय लिहू?"

"जे दिसलं ते. फक्त नुसतं 'छान' नका लिहू. बारीक लिहा. मामांनी कुठला सदरा घातलाय ते लिहा. जेवलेले वाटतात का ते लिहा. आणि त्यांच्या हातातली किल्ली," मी तिच्या किल्ल्या काउंटरवर ठेवल्या, "किती राहिलीय, तेही."

तिने माझ्या खांद्यावरून पुन्हा एकदा नीट पाहिलं आणि फोन काढला. तिच्या मागे एक माणूस कुलूप घेऊन उभा होता. त्याच्या मागे आणखी एक. मी पुढची कोरी किल्ली व्हाइसमध्ये बसवली आणि त्यांनाही म्हटलं, "या. किल्ली होईपर्यंत बसा."